छत दुरुस्त होईपर्यंत

सोमवार, ८ जानेवारी

बालवाडीचं दार उघडलं तर आत धूळ तरंगत होती. छताचा भलामोठा तुकडा निखळून बरोबर गोष्टीच्या सतरंजीवर पडला होता. शुक्रवारी दुपारी माझी सगळी पिल्लं तिथेच मांडी घालून बसली होती. मावशी म्हणाल्या, "बाई, आधी बसा," आणि मग बसायला जागा शोधू लागल्या, कारण सगळ्या खुर्च्या पांढऱ्याफटक झालेल्या. इतकी वर्षं त्या ही खोली आरशासारखी ठेवतात. त्यांना छतापेक्षा धुळीचा राग जास्त आला.

संस्थेचे अध्यक्ष आले. काठीने छत टोचून पाहिलं, आणखी थोडं पाडलं आणि खोली दोन महिने बंद म्हणून सांगून टाकलं.

"आणि मुलं?" मी विचारलं. "निम्म्या घरांत आईबाप दोघंही कामावर जातात. मुलांना ठेवायचं कुठे?"

ते खिडकीशी उभे होते. तिथून टेकडीखालचं रान दिसतं. "तिकडे न्या की," ते म्हणाले. "आमची शाळा झाडाखालीच भरायची."

भरत असेल. पण त्यांच्या बाईंना कोणी विचारलं होतं का?

बुधवार, १० जानेवारी

वनरक्षक मुलीबरोबर रान बघून आले. वयाने माझ्या भाचीएवढी, खाकी कपडे, बोलणं मोजकं. फाटकाच्या आत थोडं चाललं की एक मोकळी जागा लागते. भोवती उंच झाडं, एक आडवं पडलेलं जाडजूड खोड आणि पाऊल बुडेल एवढाच ओढा. मी विचारलं, इथे काय काय चावतं? ती प्रामाणिकपणे एकेक सांगायला लागली. मीच मध्ये थांबवलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "झाडं कसली आहेत?" मी म्हटलं, "उंच." हे गेल्या महिन्यात निवृत्त झाले, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत लक्ष घालतात. काल स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. आज मला मीठ सापडलं नाही.

सोमवार, १५ जानेवारी

पहिला दिवस. अंग मोडून आलंय, पण लिहून मोकळी होते.

मावशींनी येताना झाडू आणला आणि मुलं यायच्या आत रान झाडायला घेतलं. एवढा ढीग केला, कंबर धरून मागे वळल्या, तर झाडाने आणखी पानं टाकलेली. त्यांनी झाडाकडे असं पाहिलं, की मी झाड असते तर घाबरले असते.

मी अक्षरांचे तक्ते दोरीवर टांगले होते. वारा आला आणि 'क' ओढ्यात गेला. त्याच्या पाठोपाठ आमचा इंजिन ओढ्यात गेला. हा पोरगा एका जागी क्षणभर टेकला तर आम्ही कपाळाला हात लावून ताप बघतो. खोलीत रोज कोणाला तरी धडकायचा आणि रोज कोपऱ्यात बसायचा. इथे कोपराच नाही.

वकिलीणबाईंनी (वय पाच, तोंडाला खंड नाही) विचारलं, "रानात येताना रांग का करायची? झाडं रांगेत आहेत का?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. पटलेलं दिसलं नाही.

आणि शेपूट. सर्वांत धाकटी. आई सोडून गेली की माझी करंगळी धरते ती आई परत येईपर्यंत. आज तर दोन्ही हातांनी धरली होती. मी एका हाताने वर्ग चालवायला कधीच शिकलेय.

मुलांना फरशीची सवय. मुळांना अडखळून सारखी पडत होती. पडलं की आधी माझं तोंड बघायची आणि मग रडायची. माझं तोंड घाबरलेलं असेल म्हणून रडत असतील का? तसं काही नसावं.

शुक्रवार, १९ जानेवारी

या आठवड्यात शिकवलं काय, तर काही नाही. कविता एक. अंक नाहीत. मुलं काटक्या गोळा करतात, लांबीवरून भांडतात, शेजारी शेजारी ठेवून कोणती मोठी ते ठरवतात, मग तिसरी आणतात. सगळा वेळ त्यातच जातो. मोजमापाचा पाठ घ्यायचा राहूनच गेला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "काटक्या साल काढून गुळगुळीत केल्या तर हाताला लागणार नाहीत." आणि बाल्कनीत काटक्या घासत बसले. सगळीकडे भुसा. झाडायचं कोणी?

बुधवार, २४ जानेवारी

आज एक मोठी वाळकी फांदी मुलांना हवी होती, घर करायला. एकट्याने हलेना. इंजिनने ढकलली, वकिलीणबाईंनी ओढली, फांदी जागच्या जागी आणि दोघं एकमेकांवर चिडलेली. मी मध्ये पडायला निघाले, तर करंगळीला शेपूट आणि पायात काटेरी झुडूप. तिथवर पोचेपर्यंत त्यांचं आपापसांत ठरलं होतं.

"तू ढकलतोस तेव्हा मी ओढायचं," वकिलीणबाई म्हणाल्या. "आधी तू ढकलून झाल्यावर मी ओढत होते, म्हणून येत नव्हती."

"मग सांग ना कधी ते," इंजिन म्हणाला.

"आता म्हटलं की आता."

फांदी आली. इंजिनने आज कोणालाही धडक दिली नाही. दमला असेल बिचारा.

मावशींनी झाडू आणणं सोडलंय. मात्र कोळ्यांना अजून भितात. एक जाळं दिसलं तर मला पुढे करतात. मीही भिते, हे त्यांना माहीत नाही.

मंगळवार, ३० जानेवारी

मुलं आडव्या खोडावरून चालायला लागलीत. मी आपली बाजूने हात पसरून, "सावकाश, सावकाश," करत पळते. वनरक्षक फेरीवर आली होती, थोडा वेळ बघत राहिली. जाताना म्हणाली, "बाई, तुम्ही सावकाश म्हणता तेव्हा ती तुमच्याकडे बघतात. पायाकडे बघायला हवं त्यांनी."

मला जरा झोंबलं. मग गप्प राहून पाहिलं. सगळी पलीकडे पोचली. एकाने मध्येच बसून घेतलं आणि घसरत गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शेपूट खोडाकडे टक लावून बघत असते. मी विचारलं, "जायचंय?" तिने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. मी म्हटलं, राहू दे, लहान आहेस अजून.

रात्रीच्या जेवणाला ह्यांना हे सांगितलं. हे म्हणाले, "तिनं तुझी करंगळी धरलीय, की तू तिची?" निवृत्त माणसाला बोलायला काय जातं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

डबे खाऊन झाल्यावर मुलं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. इंजिन नव्हता.

मी शेपटीच्या बुटाची नाडी बांधत होते, मावशी पाणी देत होत्या. तेवढ्यातच. हाक मारली, उत्तर नाही. ओढा पाऊलभर खोल आहे हे मला माहीत आहे, तरी मी आधी ओढ्याकडेच धावले.

मावशी मुलांजवळ थांबल्या. त्या रडायच्या बेतात होत्या. वकिलीणबाईंनी सगळ्यांना खोडावर ओळीने बसवलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि मावशींना सांगितलं, "तुम्ही शेवटी बसा. म्हणजे कोणी सुटणार नाही." मावशी शेवटी बसल्या.

मी झुडपांतून पलीकडे गेले, तर मोठ्या दगडाच्या मागे इंजिन. उकिडवा बसलेला, हनुवटी गुडघ्यावर, डोळ्यांची पापणी हलत नाही. मला वाटलं याला काहीतरी झालं. मी खांद्याला हात लावला तर त्याने वर न बघता ओठांवर बोट ठेवलं.

दगडाच्या खोबणीत एक माशी मातीचं घर बांधत होती. कुंभारीण म्हणतात ती. इवलासा ओला गोळा आणायची, तोंडाने थापायची, उडून जायची. "ती आता परत येणार," तो कुजबुजला. "ती ओढ्यावरून माती आणते. कोरडी नाही घेत. कोरडी पडते ना." मी त्याच्या शेजारी बसले. ती आली. खरंच ओल्या मातीचा गोळा घेऊन.

मला त्याला रागवायचं होतं. रागावलेही, नंतर. पण आधी त्याला घट्ट धरलं, आणि तो म्हणाला, "बाई, हळू. ती घाबरेल."

बुधवार, ७ फेब्रुवारी

मावशी काल म्हणाल्या होत्या, "सापडला ना, मग कशाला सांगायचं." पण मी दुपारीच सगळ्यांच्या घरी फोन केले होते. आज इंजिनचे वडील आले. चकचकीत बूट, कामावर जायच्या घाईत. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"माझा मुलगा जंगलात हरवला आणि तुम्ही म्हणता तो माशी बघत होता."

"हो," मी म्हटलं. "दोन्ही खरं आहे. लक्ष माझं चुकलं."

"तो घरी जेवताना दोन घास बसत नाही. माशी बघत बसेल?"

ते त्याला आता पाठवणार नाहीत. इंजिन हात धरून गेला. जाताना वळून दगडाच्या दिशेने बघत होता.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

पालकांची सभा झाली, अध्यक्षांच्या घरी. मी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काही जण मुलांना घरी ठेवणार म्हणाले. एक आजोबा म्हणाले, नातू आता जिना कठडा न धरता उतरतो. एक आई म्हणाली, शिंका पूर्वीइतक्याच आहेत, पण झोप चांगली लागते. शेपटीची आई सगळा वेळ माझ्याकडे बघत होती.

शेवटी ठरलं की रान चालू ठेवायचं, पण आणखी एक मोठं माणूस हवं. सोमवारपर्यंत मिळालं नाही तर बंद. सीमेला रंगीत फिती बांधायच्या आणि दर थोड्या वेळाने शिट्टी, शिट्टी वाजली की सगळ्यांनी खोडापाशी.

आता सोमवारपर्यंत सबंध दिवस रिकामा, कामाला वाघ, मुलांचा कंटाळा न करणारा माणूस कुठून आणू? भाचीला फोन केला, तिला नोकरी. शेजारीण म्हणाली गुडघे दुखतात. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते. म्हटलं, काही हवंय का? "नाही," म्हणाले आणि बूट पुसायला बसले. रात्री जेवल्यावर बूट पुसायचं हे नवीनच.

रविवार, ११ फेब्रुवारी

अजून कोणी नाही. दोन दिवस माणसं आठवून आठवून डोकं उठलं. हे घरातून नाहीसे. संध्याकाळी शिट्टी, दोरीचं भेंडोळं आणि टोपी घेऊन उगवले. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "लागतं."

इतक्यात मावशींचा फोन. "मिळालं का कोणी?" म्हटलं, "कुठलं हो." त्या म्हणाल्या, "बाई, राग येऊ देऊ नका. साहेब घरीच असतात ना आता?"

मी मान वर केली. हे टोपी घालून आरशात बघत होते.

"येता का हो उद्या?" मी विचारलं.

"बघतो," म्हणाले. "सकाळी काही काम निघालं नाही तर."

सोमवार, १२ फेब्रुवारी

काम निघालं नाही. माझ्या आधी तयार होऊन दाराशी उभे होते.

मुलांनी त्यांचं नाव लगेच शिट्टीकाका ठेवलं. दोन झाडांमध्ये दोरी बांधून दिली, वर एक खाली एक, धरून चालायला. इतक्या वर्षांत घरात एक खिळा ठोकला नाही या माणसाने. वकिलीणबाईंनी त्यांना गाठ कशी मारतात ते तीनदा करून दाखवायला लावलं आणि चौथ्यांदा स्वतः मारली. घट्ट बसली. आमच्या घरातली कुठलीच गाठ इतकी घट्ट बसत नाही.

घरी येताना हे रस्ताभर बोलत होते. मीठ जागेवर आहे.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सहज म्हणून पाट्या-पेन्सिली नेल्या. पेन्सिल मुठीत धरणारी पोरं आता बोटांत धरतात, रेघही सरळ येते. रोज चिखलाचे गोळे आणि गाठी यातच वेळ घालवला, हाताला सराव काहीच नव्हता, तरी कसं काय देव जाणे. बहुतेक नव्या पेन्सिली चांगल्या निघाल्या.

आणि आज शेपूट गेली.

म्हणजे झालं असं. पाऊस नसतानाही ओढ्याकाठी ओल असते, तिथे मुलांना बेडूक दिसला. सगळी धावली. शेपूट माझी करंगळी ओढत होती. मी म्हटलं, "थांब हं, घसरडं आहे," आणि मावशींशी बोलायला वळले. पुन्हा पाहिलं तर माझा हात रिकामा. ती खोडावर चढलेली. हात पसरून, जीभ बाहेर काढून, पायाकडे बघत चालली होती. तोंडातून "सावकाश" निघणारच होतं. ह्यांनी मला नुसतं कोपराने ढोसलं.

ती पलीकडे उतरली आणि बेडकाकडे निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मला आनंद झाला. खूप झाला. दुपारभर करंगळीचं काय करावं ते कळत नव्हतं एवढंच. चष्म्यावर धूळ गेली असावी, दोनदा पुसावा लागला.

सोमवार, २६ फेब्रुवारी

इंजिनची आई दुपारी भेटायला आली, चोरून आल्यासारखी. म्हणाली, तो घरी आजीला माशीची गोष्ट सांगतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. "बाई, त्याला एवढी लांब वाक्यं येतात हे आम्हाला माहीत नव्हतं." वडील ऐकतात. ऐकत नाही असं दाखवतात, पण त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करतात.

मी म्हटलं, पाठवा. ती म्हणाली, त्यांनी ठरवायला हवं.

शुक्रवार, १ मार्च

छत झालं. ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी. अध्यक्षांना कोण आनंद. खोलीला नवा रंग, नवी सतरंजी. मावशींनी फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वास येतो रंगाचा." एवढंच.

संध्याकाळी सभा. सगळे माझं अभिनंदन करायला लागले, सुटलात म्हणून. मी उभी राहिले आभार मानायला आणि भलतंच बोलून बसले. म्हटलं, आठवड्यातले तीन दिवस रानातच राहू द्या. माझंच मला नवल वाटलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुम्हालाच तर नको होतं." मी म्हटलं, "नकोच होतं. पण आता मुलांची सवय मोडणं बरं नाही." मागून मावशी म्हणाल्या, "मुलांची." आणि हसल्या. का हसल्या कोण जाणे.

मंजूर झालं. इंजिनचे वडील सभेला होते. मागच्या रांगेत, हात बांधून.

सोमवार, ४ मार्च

खोलीत पहिला दिवस. मुलं नव्या सतरंजीवर बसली, भिंतींकडे बघत राहिली. वकिलीणबाईंनी हात वर केला.

"बाई, इथे काय करायचं असतं?"

गोष्ट सांगितली. छान बसून ऐकली, कधी नव्हे ती. मग मीच उठून सगळ्या खिडक्या उघडल्या.

गुरुवार, ७ मार्च

आज रानाचा दिवस. फाटकाशी इंजिन उभा, आणि त्याचे वडील. तेच चकचकीत बूट.

"पाहून जातो फक्त," ते म्हणाले. "मला कामावर जायचंय."

इंजिन त्यांचा हात धरून ओढत निघाला. कुठून जायचं, कुठे वाकायचं, कुठलं मूळ पायात येतं ते सांगत. दगडाकडे नेईल असं वाटलं होतं, पण वाटेत आडव्या खोडावरून पलीकडे निघालेली एक गोगलगाय त्याला दिसली. तो थांबला. वडीलही थांबले.

"बसा," त्याने सांगितलं.

"अरे, पँट..."

"बसा ना, बाबा. उभं राहिलं की सावली पडते तिच्यावर."

ते बसले. पानांवर, तसेच. मी मुलांचा साखळीचा खेळ घेत होते, एक डोळा तिकडे. हे शिट्टी वाजवायच्या बेतात होते, मी खुणेने थांबवलं. पोरगा हनुवटी गुडघ्यावर ठेवून स्थिर. बाप आधी घड्याळाकडे बघत होता, मग मुलाकडे, मग बराच वेळ मुलाकडेच. हळूहळू त्यांचीही हनुवटी गुडघ्यावर आली.

खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो तोंडाशी धरून अगदी हळू आवाजात उत्तर दिलं.

"हो, उशीर होतोय जरा... नाही, घरी सगळं ठीक आहे... किती वेळ ते सांगता येत नाही." ते वाकून खोडाकडे बघत म्हणाले, "अजून निम्म्यावरच आहे ती."